जुलाबात पाणी आत शिरते कसे?

पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात, हे आम्हा डॉक्टरांना नवीन नाही. अशाच एका सकाळी एक आजीबाई दीड वर्षाच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराचे डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली बसत होती. आदल्या रात्रीपासून त्याचे पाणी तोडले होते. का, म्हणून विचारले तर आजी म्हणाल्या, "डाक्टर, वरून पाजलं की खालून जातंय. मग पाजायचं तरी कशाला? आतड्याला जरा इसावा नको का?"

वाचकहो, या प्रश्नाला अडाणीपणाचा समजून हसू नका. पाणी खरोखरच वरून जाऊन खालून बाहेर पडताना दिसते. मग तोंडावाटे दिलेले पाणी रक्तापर्यंत पोहोचते कसे, याचा उलगडा वैद्यकशास्त्राला १९६० नंतर झाला. तो समजून घ्यायचा तर सुरुवात पाण्याच्या रेणूपासून करावी लागते.

पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. हे तिघे सरळ रेषेत नसून कोनात जोडलेले असतात आणि त्यांच्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे जरा जास्त ओढून घेतो. त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित ऋणभारित आणि दुसरी किंचित धनभारित होते. मीठ पाण्यात टाकले की त्यातल्या धन सोडियमभोवती पाण्याच्या रेणूंची ऋण बाजू गोळा होते, ऋण क्लोराइडभोवती धन बाजू, आणि खडा विरघळून जातो. साखरेच्या रेणूवरही पाण्याला धरायला जागा असतात, म्हणून तीही विरघळते. तेलावर अशी जागा नसते. आमटीवरचा तवंग कितीही ढवळला तरी पुन्हा वर येतो, तो यामुळेच.

गंमत अशी, की आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे पटल याच तवंगाच्या जातीच्या स्निग्ध रेणूंचे बनलेले आहे. या रेणूंचे डोके पाण्यात रमते आणि शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. म्हणून ते शेपट्या आत लपवून दुहेरी थरात उभे राहतात. पाण्यात राहूनही न विरघळणारी ही भिंत नसती तर पेशीच नसती. पण तिची एक अडचण आहे. मीठ आणि साखर तिच्यातून आपसूक पार होत नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीत दारे ठेवावी लागतात आणि ती दारे प्रथिनांची असतात. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी लांब माळेत ओवून त्या माळेची विशिष्ट घडी घातली की एक दार तयार होते. घडी बदलली की दाराचे कामही बदलते.

लहान आतड्याच्या पेशींवरचे एक दार मोठे विचित्र आहे. ते एकट्या ग्लुकोजसाठी उघडत नाही. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्र बसले की मगच ते दोघांना आत घेते. मीठ आणि साखर अशी जोडीने आत जात असावीत, ही कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत मांडली.

आता पाण्याकडे वळू. पाणी खेचून घेणारा पंप शरीरात कुठेच नाही. क्षार आणि साखर जिकडे जातात, तिकडे पाणी त्यांच्या मागे जाते. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून मीठ लावून ठेवली की वाटीत पाणी सुटते, ते हेच. शास्त्रात याला परासरण म्हणतात. आतड्यात मीठ-साखरेची जोडी पेशीत शिरली की तिच्या पाठोपाठ पाणीही शिरते आणि पुढे रक्तात पोहोचते.

पटकीत म्हणजे कॉलऱ्यात याच्या उलट घडते. या रोगाचे जंतू एक विष सोडतात. डॉ. शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यात १९५९ मध्ये ते दाखवून दिले. या विषाने पेशीवरचे क्लोराइडचे दार उघडेच राहते. क्षार आतड्याच्या पोकळीत ओतले जातात, त्यांच्या मागोमाग शरीरातले पाणी जाते आणि धडधाकट माणूस काही तासांत मरणाच्या दारी पोहोचतो. पण मीठ-साखरेच्या जोडीचे दार या विषाला बिघडवता येत नाही. आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. नुसते पाणी बरेचसे वाया जाते, पण योग्य प्रमाणात मीठ-साखर घातलेले पाणी शाबूत दारातून आत जाते. त्याने जुलाब लगेच थांबत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. जुलाब चालू असतानाच शरीरातली तूट भरून निघते.

याची सर्वांत मोठी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले होते. सलाईनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे करून त्यांचे पाणी पिंपांत ठेवले आणि ते रुग्णांना पाजायला त्यांच्या नातेवाइकांनाच बसवले. सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आपल्याकडे मात्र सलाईन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखे वाटत नाही. पिऊ शकणाऱ्या मुलाला बहुधा त्याची गरज नसते.

प्रमाणाला मात्र फार महत्त्व आहे. साखर जास्त झाली तर काकडीचाच प्रकार होतो. आतड्यातले गोड पाणी शरीरातले पाणी बाहेर खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणून बाटलीबंद शीतपेये आणि गोड सरबते जुलाबात देऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये जलसंजीवनीतली साखर आणि मीठ दोन्ही कमी केले. आता एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असते. शिवाय पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट असतात. हे प्रमाण न पाळणाऱ्या गोड पेयांना 'ओआरएस' हे नाव लावण्यास केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरीही दुकानातून पाकीट घेताना त्यावरचे घटक वाचून घ्यावेत.

पाकीट मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते टाकून पुन्हा करावे. मीठ जास्त होणे लहान मुलाला धोक्याचे असते. चिमूटभर मिठाची तांदळाची पेजही चालते. तांदळातला पिष्टमय पदार्थ म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब माळच. ती आतड्यात हळूहळू सुटत जाते.

आजीबाईंना मी वाटी-चमचा देऊन बाकावर बसवले. पोराने पहिल्यांदा ओकून टाकले. दहा मिनिटे थांबून पुन्हा एकेक चमचा सुरू केला. दुपारी त्याला लघवी झाली, तेव्हा आजींनीच हाक मारून सांगितले.

दोन वर्षांखालील मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप आणि त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप जलसंजीवनी द्यावी. केलेले पाणी २४ तासांनंतर वापरू नये. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवावे. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबल्यावरही १४ दिवस पूर्ण द्याव्यात. मूल गुंगीत असेल, पाणी पिऊ शकत नसेल, प्रत्येक घोट ओकत असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर घरी थांबू नये. वाटेतही चमच्याने पाजत न्यावे. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला तडक रुग्णालयात न्यावे.