यंत्राचे दोन डोळे आणि एक गोळी

कर्करोगाच्या गाठीवर क्ष-किरण सोडताना गाठ किरणांच्या वाटेत नेमकी यायला हवी, हे उघड आहे. शेजारीच मज्जारज्जू असेल तर एकेक मिलिमीटर जपावा लागतो. हा उपचार बहुधा रोज थोडा थोडा, कित्येक आठवडे चालतो आणि रुग्ण टेबलावर रोज किंचित वेगळा निजतो. म्हणून आजची यंत्रे उपचारापूर्वी तिथल्या तिथे रुग्णाची प्रतिमा घेतात, ती नियोजनाच्या वेळच्या प्रतिमेशी ताडतात आणि टेबल तेवढे सरकवतात. पण प्रतिमा घेणारी यंत्रणाच दोन मिलिमीटरने तिरळी असेल तर?

निजण्यातली चूक आज डावीकडे, तर उद्या उजवीकडे होते. बऱ्याच दिवसांत ती काहीशी भरून निघते. तिरळ्या यंत्रणेची चूक मात्र प्रत्येक रुग्णाला, दररोज, एकाच दिशेला ढकलते आणि पडद्यावर सारे जुळलेलेच दिसते!

हा तिरळेपणा येतो कोठून? उपचारयंत्राचा जड बाहू रुग्णाभोवती फिरतो. तो कोणत्याही कोनात असला तरी किरण ज्या एका बिंदूतून जावेत, त्याला समकेंद्र म्हणतात. पुष्कळ यंत्रांत त्याच बाहूवर, काटकोनात, चित्रणासाठी वेगळी क्ष-किरण नळी असते आणि तिच्यासमोर प्रतिमा टिपणारी पाटी. म्हणजे डोळे दोन, आणि प्रत्येकाचे केंद्र आपापले. शिवाय बाहू फिरताना नळी व पाटी स्वतःच्या वजनाने किंचित लवतात आणि प्रत्येक कोनात हे लवणे निराळे असते. नळीपासून समकेंद्र १ मीटरवर व पाटी १.५ मीटरवर धरली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने पाटी १.५ मि.मी. सरकल्यास समकेंद्राशी १ मि.मी.ची चूक होते.

दोन्ही केंद्रे जुळवण्याची युक्ती अगदी साधी आहे. तिला विन्स्टन-लुट्झ चाचणी म्हणतात. मेंदूतील लहान गाठींवर अचूक किरण सोडण्यासाठी बोस्टनमध्ये ती योजली गेली व १९८८ साली प्रसिद्ध झाली. धातूची काही मिलिमीटर व्यासाची गोळी लेझरच्या रेषांच्या आधाराने समकेंद्रापाशी ठेवतात आणि उपचाराच्याच किरणांचा छोटा चौकोनी झोत चारही बाजूंनी सोडून प्रतिमा घेतात. चौकोनाच्या मध्यापासून गोळीची सावली किती सरकली, एवढेच मोजायचे.

समजा, बाहू वर असताना सावली ०.८ मि.मी. उजवीकडे दिसली व बाहू खाली नेल्यावर ०.४ मि.मी. डावीकडे. पाटी बाहूबरोबर फिरत असल्याने गोळीच्या जागेतली चूक दुसऱ्या वेळी उलट दिशेला दिसते; झोताच्या चौकटीची चूक मात्र तशीच राहते. म्हणून फरकाचे निम्मे, ०.६ मि.मी., गोळीचे आणि बेरजेचे निम्मे, ०.२ मि.मी., चौकटीचे. गवंडी स्पिरिट लेव्हल उलटसुलट ठेवून पाहतो, तो हाच न्याय. वर्गात विद्यार्थ्यांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा.

बाहूही लवत असल्यामुळे गोळी सर्व दिशांनी मध्यावर कधीच येत नाही. सर्वांत कमी फरक पडेल ती जागा समकेंद्र मानायची. आता गोळी न हलवता दुसऱ्या डोळ्याने, म्हणजे चित्रणाच्या नळीने, पूर्ण फेऱ्यात तिच्या प्रतिमा घेतात. कोनागणिक सावली किती सरकते याचा तक्ता संगणकात साठवला जातो आणि पुढे प्रत्येक रुग्णाच्या प्रतिमेतून ते सरकणे वजा होते.

अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली मर्यादा सुचवली: दोन्ही केंद्रांतील अंतर नेहमीच्या उपचारांत २ मि.मी.पर्यंत, डोक्यातील सूक्ष्म उपचारांत १ मि.मी.पर्यंत. तपासणी रोजची. त्यासाठी सकाळी, पहिला रुग्ण येण्यापूर्वी, आत खुणा असलेला प्लास्टिकचा ठोकळा मुद्दाम ठरावीक अंतराने चुकीच्या जागी ठेवतात, प्रतिमा घेतात आणि यंत्र टेबल नेमके तेवढेच मागे आणते का, ते पाहतात.