परसाला कुंपण करवंदाचे



वैशाखाचे ऊन तापले, की माळावरच्या जाळ्यांतली करवंदे काळी पडायची. पळसाच्या पानाचा द्रोण करून पोरे ती वेचायची आणि चिकाने ओठ चिकट करून घरी यायची. आपल्या औंढा, कळमनुरी, सेनगावच्या डोंगरभागात वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. 'डोंगराची काळी मैना' म्हणून हीच करवंदे पाटीतून बाजारात यायची. आज तुमच्या शिवारात करवंदाच्या किती जाळ्या उरल्या आहेत, जरा मोजून पाहा.

त्या कमी होण्यात माझाही थोडा हात आहे, हे आधीच कबूल करतो. १९९९ साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला. त्याच्या आधीपासून, परभणी जिल्हा असल्यापासून, मी या भागात हिंडतो आहे. "बांध साफ ठेवा, किडींना आसरा देऊ नका," असे गावोगाव सांगायचो. पुढे यंत्रे आली, तणनाशके आली आणि बांध खरोखरच लख्ख झाले. सांगणे खोटे नव्हते, पण अर्धे होते. काय तोडावे ते सांगितले, काय राखावे ते सांगायचे राहिले. औंढा तालुक्यातल्या एका आजी मला म्हणाल्या, "साहेब, तुमचं ऐकून बांध साफ केला. आता नातवंडं दुकानातली पुडी आणून खातात." मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्यांना उशिरा दिलेले उत्तर समजा.

करवंदच का?

करवंद हे काटक झुडूप आहे. मुरमाड, हलक्या जमिनीत ते तग धरते, पाण्याचा ताण सोसते आणि बारमाही हिरवे राहते. त्याचे काटे असे, की दाट वाढलेल्या कुंपणातून गुरे-शेळ्या सहसा आत शिरत नाहीत. काटेरी तारेला पैसे पडतात आणि ती पुढे गंजते. करवंदाचे कुंपण मात्र वर्षागणिक दाट होते, वर फळ देते. पांढऱ्या सुवासिक फुलांवर मधमाश्या येतात, ते वेगळेच.

लागवड कशी करावी?

कुंपणासाठी तीन-तीन फुटांवर रोपे लावा. एकवीस फूट लांबीच्या बाजूला आठ रोपे पुरतात. उन्हाळ्यात दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन तापू द्या. मग चांगली माती आणि एक-दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून भरा. मृगाचा पाऊस चांगला झाला, की रोपे लावा. पूर्णा-कयाधूच्या काठी भारी काळी जमीन असेल, तर वरंबा करून त्यावर लावा. करवंदाला ताण सोसतो, पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही.

रोपे घरीही होतात. झाडावर पूर्ण पिकलेल्या फळांचे बी धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच पिशव्यांत पेरा. जुने बी नीट उगवत नाही. ही रोपे पुढच्या पावसाळ्यात लावण्याजोगी होतात. मोठी फळे हवी असतील, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात आहे. रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या.

पहिले दोन उन्हाळे जपावे लागते. मोरीचे पाणी तिकडे वळवा किंवा बुडाला बारीक छिद्र पाडून वात घातलेले मडके रोपाशी पुरा. साधारण तिसऱ्या वर्षापासून फळ दिसू लागते. फळे उतरली, की बाहेर आलेल्या फांद्या छाटून कुंपण सारखे करा.

आत फालसा, कडेला बोर

कुंपणाच्या आत फालशाची दोन झुडपे पुरेत. दोघांत आठ फूट अंतर ठेवा. पौषात, थंडीत पानगळ झाली की फालसा जमिनीपासून तीन फुटांवर छाटा, शेणखत द्या आणि पाणी सुरू करा. फळ नव्या फुटीवर येते, म्हणून छाटणीला कचरू नका. फालसा एकदम पिकत नाही. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा उतरतो आणि टिकतो जेमतेम एक-दोन दिवस. म्हणूनच तो बाजारापेक्षा परसात शोभतो. घरच्या सरबताला याहून चांगले फळ नाही.

बांधावर गावठी बोर आपोआप उगवली असेल, तर ती उपटू नका. पावसाळ्याच्या तोंडी जागेवरच तिच्यावर उमराण किंवा कडाका जातीचा डोळा भरून घ्या. मूळ गावठी, फळ सुधारलेले.

भगिनींसाठी

कच्च्या करवंदांचे लोणचे, चटणी आणि मुरांबा होतो. आंबटपणा आणि चिकटा भरपूर असल्याने जेलीही चांगली जमते. मिठाईवर आणि केकवर दिसणारी लाल 'चेरी' बऱ्याचदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते! करवंदात लोह असते, आंबट फळांचे 'क' जीवनसत्त्व अन्नातले लोह अंगी लागायला मदत करते. पण ते अन्न आहे, औषध नव्हे. रक्त वाढण्याच्या गोळ्या चालू असतील, तर त्या बंद करू नका.

मुलांना एक गोष्ट पक्की शिकवा. ओळखीचे नाही ते फळ तोंडात घालायचे नाही. लालबुंद गुंज दिसायला सुंदर, पण विषारी असते. घाणेरीची हिरवी फळेही खाऊ नयेत. पूर्वी ही ओळख पोरे मोठ्यांबरोबर माळावर शिकायची. आता ती परसात करून द्यावी लागेल, आणि त्यासाठी परसात झाड हवे.

येत्या मृगाला फार नको, आठ रोपे लावा. एकेक रोप घरातल्या एकेका मुलाच्या नावाने लावा आणि पाणी घालायचे काम त्यालाच द्या. आणि हो, बांध साफ करायला यंत्र बोलावाल, तेव्हा आधी स्वतः बांधावरून एक फेरी मारा. करवंदाची जाळी दिसली, तर तिला चुन्याची खूण करून ठेवा. ती राखायची आहे.