चळत

रायपूर लोखंडाचं गाव. सिलतरा-उरल्याकडच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात आणि शहरभर बसणारी बारीक काळी धूळ आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतही येतेच. स्फटिक वाढवताना पहिली झुंज तिच्याशी. द्रावणात चार कण पडले, की त्यांच्याभोवती बारीक बारीक स्फटिक धरतात आणि हवी असलेली लांब सुई काही मिळत नाही.

विद्यार्थ्यांना मी आधी क्विनहायड्रोन करायला लावते. बेंझोक्विनोन पिवळं, हायड्रोक्विनोन पांढरं. दोघांची द्रावणं मिसळली, की हिरवट काळ्या, चकचकीत सुया खाली बसतात. रसायनशास्त्रज्ञ व्योलरनं १८४४ मध्ये केल्या त्या याच. मुलं लगेच मल्टिमीटर लावून बघतात. वीज जात नाही. ‘‘मॅडम, चमक तो लोहे जैसी है!’’ एक मुलगी अगदी हिरमुसून म्हणाली होती.

मग दुसरी जोडी काढते, टीटीएफ आणि टीसीएनक्यू ही सेंद्रिय संयुगं. दोन्ही पिवळ्या-नारिंगी भुकट्या, एकेकटीतून वीज जात नाही. ‘एच’ अक्षरासारख्या काचनळीच्या दोन पायांत एकेक भुकटी घालायची, वर असिटोनायट्राइल हळूच ओतायचं, बुचं लावायची आणि नळी कुणाचा धक्का लागणार नाही अशा कपाटात ठेवून द्यायची. दोन-तीन आठवड्यांनी मधल्या आडव्या नळीत केसासारख्या काळ्या सुया दिसतात. घाईनं द्रावणं एकत्र ओतली, तर नुसती काळी भुकटी.

सुई चिमट्यानं धरली की तुटते. ओल्या ब्रशच्या टोकावर उचलून ती काचपट्टीवर ठेवायची, सूक्ष्मदर्शकाखाली चांदीच्या लेपाचे चार ठिपके द्यायचे, प्रत्येकात सोन्याची बारीक तार. कडेच्या दोन तारांतून वीज सोडायची आणि मधल्या दोन तारांवर व्होल्ट मोजायचे, म्हणजे ठिपक्यांचा स्वतःचा रोध मोजणीत शिरत नाही. आमच्या सुईचा रोध भरला बारा ओहम! धातूचा एक अणूही नसलेल्या पदार्थात. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, गंधक, बस.

सगळी किमया रचण्यात आहे. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात पंगत उठल्यावर भांडी रचताना मला हे फार आठवतं. क्विनहायड्रोनमध्ये इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा रेणू एकाच चळतीत एकाआड एक बसतात, ताट-वाटी-ताट-वाटी. तिथे इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकतो. दुसऱ्या स्फटिकात ताटांची चळत वेगळी, वाट्यांची वेगळी, पण शेजारी शेजारी. टीटीएफच्या प्रत्येक रेणूकडून सरासरी ०.५९ इलेक्ट्रॉन टीसीएनक्यूकडे जातो. त्यामुळे कुठलीच चळत पुरती भरलेली नाही, पुरती रिकामी नाही, आणि चपट्या रेणूंमध्ये जेमतेम सव्वातीन-साडेतीन अँगस्ट्रॉमची फट. इलेक्ट्रॉन चळतीतून सरळ धावतो. आडवं जायचं म्हटलं, तर वहन शेकडो पटींनी कमी.

अमेरिकेत १९७३ मध्ये हे पहिल्यांदा मोजलं गेलं, तेव्हा सेंद्रिय पदार्थाला धातू म्हणायची वेळ आली. तांब्यापुढे वहन साधारण हजारपट कमी, तरी थंड करावं तसा रोध उतरत जातो, हा धातूचाच गुण. उणे २१५ अंशांच्या आसपास मात्र चळतीतली अंतरं विषम होऊ लागतात आणि वीज अडते. आमच्याकडे द्रव नायट्रोजन आहे, तो उणे १९६ पर्यंतच नेतो. तेवढाही उतार अजून नीट मिळालेला नाही. थंड होताना सुईला सूक्ष्म तडे जातात आणि आकडा एकदम उडी मारतो. दोन सुया अशा गेल्या. तिसरी नळी कपाटात आहे, बुचावर दुहेरी फॉइल बांधून.