नकोशी, पण कुणाला?

आमची धाकटी मुलगी इथे इंग्लंडमध्येच जन्मली. तिचे मराठी म्हणजे रविवारचा मराठी वर्ग आणि आठवड्यातून एकदा सातारा जिल्ह्यातल्या आजीशी फोन. मागच्या हिवाळ्यात ती फोनवर असतानाच मी जेवायला हाक मारली, तर ती आजीला म्हणाली, "आजी, मी भाताला नकोशी आहे." आम्ही सगळे हसलो. भात बिचारा हिला कशाला नाकारेल, असा विनोदही मी करून घेतला. पलीकडे मात्र आई हसली नाही. "असं बोलू नये बाळा," एवढेच म्हणाली आणि फोन ठेवला.

आई का हसली नाही ते पुढे सांगतो. आधी चूक पाहू, कारण ती आपल्यापैकी बऱ्याच घरांत रोज होत असणार.

मुलगी मनात इंग्रजी वाक्य जुळवत होती. इंग्रजीत 'रिलक्टंट', 'ॲव्हर्स', 'लोथ' ही नावडीची विशेषणे माणसाला चिकटतात. नावड माझी, म्हणून विशेषणही माझे. (याच बाबतीत मीही एकदा तोंडघशी पडलो आहे. पहिल्या नोकरीत एका अहवालात मी 'आमची टीम बदलाला ॲडव्हर्स आहे' असे लिहिले. वरिष्ठांनी लाल वर्तुळ करून शेजारी लिहिले, माणूस ॲव्हर्स असतो, परिस्थिती ॲडव्हर्स असते. डॉक्टरेट झाली होती, तरी हे कुणी शिकवले नव्हते.)

मराठीतला 'नकोसा' याच्या उलट चालतो. तो माणसाला नव्हे, वस्तूला लागतो. 'मला भात नकोसा झालाय', 'मला पोळी नकोशी वाटते', 'मला वरण नकोसे झाले'. भात पुल्लिंगी म्हणून नकोसा, पोळी स्त्रीलिंगी म्हणून नकोशी. बोलणारा मुलगा आहे की मुलगी, याच्याशी विशेषणाला काही देणेघेणे नाही. माणूस बाजूला 'ला' प्रत्यय लावून उभा असतो. माणसालाच पुढे आणायचे असेल तर 'नाखूष' किंवा 'नाराज' घ्यावा. 'मी जायला नाखूष आहे.' हे शब्द फारसीतून आलेले, त्यामुळे लिंगवचनाप्रमाणे बदलत नाहीत. मुलांना ते सोपे जातात.

मुले आणखी एक प्रश्न हमखास विचारतात. नकोसा, नकोसे, मग मध्येच नकोशी का? 'नकोसी' का नाही? 'असा'चे 'अशी' होते आणि 'म्हैस'चे अनेकवचन 'म्हशी' होते, तेच इथे घडते. पुढे ई आली की जीभ टाळूकडे जाते आणि स चा श होतो. 'घसा' पण 'घशात', 'पैसा' पण 'पैशाला', हेही त्याच घराण्यातले. म्हणून 'नकोशा पाहुण्याला' म्हणायचे, 'नकोसा पाहुण्याला' नाही.

शेवटचा 'सा' हा 'लहानसा', 'बरासा' यांतला. त्याने शब्द मऊ होतो. 'नको' हा सरळ नकार आहे, 'नकोसा' ही नकाराकडे झुकलेली मनाची अवस्था. ती किती पक्की हे क्रियापद ठरवते. 'पाऊस नकोसा वाटतो' म्हणजे आत्तापुरता. 'पाऊस नकोसा झालाय' म्हणजे अति झाल्यामुळे (इथे नोव्हेंबरात कुणालाही विचारा). 'नकोसा आहे' म्हटले की मात्र निकाल लागला.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर 'नकोसा' हे दोन इनपुट लागणारे फंक्शन आहे. काय नकोसे आणि कुणाला. दुसरे इनपुट दिले नाही तर ऐकणारा ते संदर्भातून भरतो. 'पाऊस नकोसा झालाय' म्हटले की तो बोलणाऱ्याला, हे आपोआप कळते. संदर्भच नसेल तर काय भरायचे? मग मन तिथे 'सगळ्यांना' असे भरून टाकते.

आता आईकडे येतो. सातारा जिल्ह्यात, आणि इतरत्रही, तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचे नाव 'नकोशी' किंवा 'नकुशा' ठेवत. दगडू, धोंडू ही नावेसुद्धा ओबडधोबडच, पण त्यांच्यामागे मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये ही धडपड असे. 'नकोशी' हा पुढच्या खेपेला मुलगा मिळावा म्हणून देवाला धाडलेला निरोप होता, आणि तो निरोप पाठीवर घेऊन जन्मभर हिंडायचे त्या मुलीने. व्याकरणाने पाहिले तर या नावात चूक एकही नाही. लिंग बरोबर, श बरोबर. फक्त 'कुणाला' गाळलेले आहे. ते आजोबांना होते की सासूला की बापाला, याचा पत्ताच उरत नाही. शाळेत हजेरी घेणारे गुरुजी रोज तिला 'नकोशी' म्हणतात, मैत्रिणी म्हणतात, ती स्वतःही 'मी नकोशी' म्हणूनच ओळख करून देते.

गंमत पाहा, 'लाडकी'ला षष्ठी लागते. आजीची लाडकी. गोष्टीतली नावडती राणीसुद्धा राजाचीच नावडती असते. तिचे मीठ अळणी लागले तरी 'ची' सुटत नाही. 'नकोशी'च्या वाट्याला तो 'ची' नाही.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात अशा २८५ मुलींचे समारंभाने नव्याने नामकरण झाले. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या हातात नव्या नावाची प्रमाणपत्रे आणि फुले दिली. कुणी नटीचे नाव घेतले, कुणी देवीचे. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, १९९१ साली ९४६ होत्या. म्हणजे नाव ठेवायची वेळही जिच्यावर आली नाही अशी नकोशी सोनोग्राफीच्या खोलीतच संपत होती. त्यापुढे नावे बदलणे लहान काम वाटेल. मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे.

त्या फोननंतर दोन दिवसांनी मी आईला विचारले. तिच्या पाठची बहीण, आमची माईमावशी, ही घरातली चौथी मुलगी. मी लहानपणी दर उन्हाळ्यात तिच्या हातचे जेवलो आहे, पण 'माई' हे घरातले नाव होते, शाळेच्या दाखल्यावर 'नकोशी' होते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. चौथीनंतर दाखला दाखवावा लागेल म्हणून ती पुढच्या शाळेत गेलीच नाही, असे आई म्हणाली. खरे कारण तेवढेच होते का, मी विचारले नाही.

मुलीला मी हे सगळे सांगितलेले नाही. ती अजून नऊ वर्षांची आहे. वाक्य मात्र दुरुस्त करून घेतले. पुढच्या रविवारी ती फोनवर ठासून म्हणाली, "आजी, मला भात नकोसा झालाय."

"मग पोळी खा," आई म्हणाली.