धावत्या गाडीला चार चाके जुंपताना

सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना मैंदर्गी हे गाव लागते. कर्नाटकाची हद्द येथून जवळ, त्यामुळे गावात मराठीइतकीच कानडीही कानांवर पडते. आजूबाजूची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की हीच जमीन फुगून लोण्यासारखी निसरडी होते. या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे थर पाणी शोषून घेतात, म्हणून असे घडते. चपलेला शेर-शेर माती चिकटते आणि बैलगाडीची चाके जागीच रुततात.

गेल्या वर्षी हस्त नक्षत्राच्या पावसात माझी वृद्ध आत्या शेतातल्या वस्तीवर पाय घसरून पडली. तिला उठता येईना. माझा पुतण्या आपली पिकअप घेऊन निघाला, बरोबर मीही गेलो. जाताना पाणंद कोरडी होती; परंतु आम्ही वस्तीवर पोहोचतो न पोहोचतो तोच पाऊस कोसळला. तासाभराने तो थांबला. आम्ही आत्याला गादीसह मागच्या हौद्यात ठेवले. निघण्यापूर्वी पुतण्याने खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी असलेल्या चकत्या हाताने पिळल्या. तो काय करतो आहे ते मला तेव्हा समजले नाही.

सुरुवातीचा रस्ता मुरमाचा होता. पुढे ओढ्यालगतचा काळ्या मातीचा सखल पट्टा दिसू लागला. तो यायच्या आधीच, गाडी चालू असतानाच, पुतण्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, क्लच दाबला आणि गिअरच्या दांड्याशेजारचा आखूड दांडा ओढला. ना खडखडाट, ना धक्का.

“अरे, गाडी न थांबवताच?” मी विचारले.

“काका, चिखलात थांबलो असतो तर निघालोच नसतो. आणि चाके गरागरा फिरू लागल्यावर दांडा टाकला असता, तर दातेच गेले असते.”

मी वर्गात वीस वर्षे गतीचे नियम शिकवत आलो आहे. पुतण्याने ते दोन वाक्यांत सांगितले. ते कसे, हे आता पाहू.

दोन चाके की चार?

साध्या पिकअपमध्ये इंजिनाची शक्ती फक्त मागच्या चाकांना मिळते. पुढची चाके नुसती ढकलली जातात. चाक जमिनीला मागे रेटते, जमीन चाकाला पुढे रेटते. हा न्यूटनचा तिसरा नियम. मात्र हा रेटा घर्षणापेक्षा अधिक असू शकत नाही. ओल्या काळ्या मातीत घर्षण इतके कमी होते की मागची दोन चाके जागच्या जागी फिरत राहतात. अशा वेळी पुढच्या चाकांवर गाडीचे जे वजन आहे, त्यामुळे मिळणारे घर्षण फुकट जाते. तेही कामाला लावायचे, म्हणजेच ‘फोर व्हील ड्राइव्ह’. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या, त्या याच पद्धतीच्या. युद्धानंतर १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जोडणी सुरू झाली आणि आपल्याकडील खेड्यापाड्यांना हा दुसरा, आखूड दांडा परिचित झाला.

बांगडी आणि दाते

गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्यातून एक लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मागच्या आसाकडे जातो आणि दुसरा पुढच्या आसाकडे. मागचा शाफ्ट कायम जोडलेला असतो. पुढचा जोडायचा, तर आतून दाते असलेली एक पोलादी बांगडी सरकवून त्याच्या दात्यांत अडकवावी लागते.

नांगराला आधीच एक जोडी जुंपलेली आहे आणि चालत्या नांगराला दुसरी जोडी जुंपायची आहे, अशी कल्पना करा. नवी जोडी शेजारून त्याच चालीने चालत असेल, तर जू मानेवर अलगद बसेल. ती उभी असेल, तर हिसका बसून जोते तुटेल.

आता हिशोब करू. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरा. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर. यावरून चाकाच्या मिनिटाला सुमारे १५० फेऱ्या होतात. आसावरील दंतचक्रांचे गुणोत्तर ४ धरले, तर शाफ्टच्या सुमारे ६०० फेऱ्या होतात. आता तीन प्रसंग पाहा.

पहिला : पुढची चाके त्यांच्या शाफ्टशी जोडलेली आहेत. जमिनीवरून फिरणारी चाके पुढच्या शाफ्टलाही ६०० च्याच वेगाने फिरवतात. टायरच्या झिजेमुळे एक टक्का फरक पडला, तरी तो अवघ्या ६ फेऱ्यांचा.

दुसरा : चाकाच्या मध्यावरील चकती ‘मोकळी’ आहे. अशा वेळी चाक फिरते, पण शाफ्ट स्थिर राहतो. मग फरक पूर्ण ६०० फेऱ्यांचा! पुतण्याने निघतानाच चकत्या का पिळल्या, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

तिसरा : गाडी चिखलात गेली आहे आणि मागची चाके घसरून तिप्पट वेगाने फिरत आहेत. मागचा शाफ्ट १८०० वर, पुढचा फार तर ६०० वर. फरक १२०० फेऱ्यांचा!

न्यूटनचा दुसरा नियम सांगतो, की संवेग बदलण्याचा दर जेवढा मोठा, तेवढे बल मोठे. दाते अडकले की क्षणार्धात दोन्ही शाफ्टना एका वेगावर यावेच लागते. तेवढ्याच वेळात ६ ऐवजी १२०० फेऱ्यांचा फरक मिटवायचा, तर दात्यांवरील ताण २०० पट होईल. म्हणून नियम असा : दांडा टाकायचा तो चिखलाच्या आधी, सरळ रस्त्यावर आणि चाके घसरत नसताना. ॲक्सिलरेटर सोडायचा, कारण दात्यांवर भार असला की त्यांच्यातील घर्षणामुळे बांगडी सरकत नाही.

काही गाड्यांत दाते भिडण्यापूर्वी शंकूच्या आकाराची कडी एकमेकांवर घासून दोन्ही वेग समान करतात. अलीकडे दांड्याऐवजी बटनही असते. तरीही किती वेगापर्यंत हे करावे, याची मर्यादा गाडीगणिक वेगळी असते आणि ती गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

‘लो’ म्हणजे सावकाश पण जोरदार गिअर मात्र चालत्या गाडीत टाकू नये. त्यात गुणोत्तरच बदलते. ते अडीच असेल, तर ६०० फेऱ्यांच्या शाफ्टला २४० फेऱ्यांचे चक्र भेटते. येथे रस्ता दोन्हींचा वेग समान करून देत नाही. म्हणून गाडी थांबवून, किंवा पुस्तिकेत सांगितले असल्यास मुंगीच्या पावलांनी चालवत, हा गिअर टाकतात.

डांबरी रस्त्यावरील गंमत

आमची गाडी सखल पट्ट्यातून गुरगुरत, पण न थांबता बाहेर पडली. हौद्यातून आत्याचे “निधान, निधान!” चालूच होते. कानडीत निधान म्हणजे सावकाश. डांबरी रस्ता आला, गाडी वळली आणि एकाएकी अंग आखडल्यासारखी झाली. टायर कुरकुरले. आत्या कळवळली. घाईत पुतण्या आखूड दांडा काढायला विसरला होता आणि आता तो निघेना!

वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर ३ मीटर आणि मागच्या आसाच्या मध्याची वळणत्रिज्या ६ मीटर धरू. पायथागोरसच्या सिद्धांतानुसार पुढच्या आसाची त्रिज्या ४५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६.७ मीटर येते. काटकोनात वळताना मागचा आस ९.४ मीटर जातो, तर पुढचा १०.५ मीटर. फरक १.१ मीटर, म्हणजे चाकाची अर्धी फेरी आणि शाफ्टच्या दोन फेऱ्या! परंतु बांगडीने दोन्ही शाफ्ट एकत्र बांधलेले आहेत. चिखलात टायर थोडे घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर ते सहज घसरत नाहीत. मग शाफ्ट पिळले जातात आणि त्या पिळाने बांगडी जागीच घट्ट होते.

पुतण्याने गाडी आल्या वाटेने चार-पाच मीटर मागे घेतली. पीळ उलगडला आणि दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला.

एका आसावरील डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल तुम्हांला ठाऊक असेल. तसाच एक डिफरन्शियल पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये बसवला, तर चारही चाके कायम जोडलेली ठेवता येतात. १९७० ची रेंज रोव्हर आणि १९८० ची ऑडी क्वात्रो या गाड्यांत अशी सोय होती. पण मग एक अडचण येते : एक चाक हवेत राहिले, तर सारी गती त्याच्याकडेच पळते. म्हणून तो डिफरन्शियल बांधून टाकण्याची सोयही ठेवावी लागते.

आत्याच्या खुब्याचे हाड मोडले होते. सोलापुरात शस्त्रक्रिया झाली आणि आता ती काठी घेऊन अंगणात हिंडते. “तुझ्या पुस्तकापेक्षा पोराचा हात बरा,” असे ती मला ऐकवते. मला ते मान्य आहे; मात्र त्या हाताला जे ठाऊक आहे, तेच पुस्तकातही लिहिलेले आहे.

तुम्ही करून पाहा

शाळेच्या कोरड्या, फरशीच्या आवारात सायकलची दोन्ही चाके ओली करा आणि ती हाताने धरून लहान वर्तुळात फिरवा. फरशीवर दोन वेगळे माग उमटतील. बाहेरचा माग कोणत्या चाकाचा? दोऱ्याने दोन्हींची लांबी मोजा. सायकलच्या आसांतील अंतर १ मीटर आणि मागच्या चाकाची त्रिज्या २ मीटर असेल, तर पूर्ण वर्तुळात सुमारे दीड मीटरचा फरक यायला हवा. तसा येतो का? न आल्यास का आला नाही, याची चर्चा आपल्या शिक्षकांबरोबर करा.