जुना कलम चाकू घरीच दुरुस्त करा, पण पात्याचं पाणी सांभाळून



पाऊस सुरू झाला की रोपवाटिका असलेल्या गटांची कोय कलमाची घाई सुरू होते. जून ते ऑगस्ट हेच दिवस. कोयी रुजून कोवळी रोपं वर आलेली असतात, काड्या आणून ठेवलेल्या असतात, आणि नेमका तेव्हाच चाकू दगा देतो.

गेल्या वर्षी माझं तसंच झालं. माझ्याकडे सासऱ्यांचा घडीचा चाकू होता. आत पितळी पट्ट्या, वरून शिंगाची मूठ. पातं हलायचं, गंज चढला होता आणि टोकाजवळ खाच पडली होती. मी तो बाजारात नेला आणि विजेच्या चाकावर धार लावून आणला. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत पातं चकचकीत! टोकाकडे जरा निळसर डाग दिसत होता, पण मी लक्ष दिलं नाही. अर्धा दिवस काम झालं आणि धार गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. त्या खेपेतली माझी बरीच कलमं वाळली. सासूबाईंनी पातं उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "अगं, याचं पाणी उतरवून आणलंस तू!"

पात्याचं पाणी म्हणजे काय?

लोहार पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो आणि मग बेताचं शेकतो. त्यातून पात्याला जो कडकपणा येतो त्याला आपण पाणी म्हणतो. हे पात पुन्हा जास्त तापलं की कडकपणा कमी होतो. पोलादावर निळा रंग साधारण 300 अंश सेल्सिअसला येतो. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ धार क्षणात तेवढी तापते. निळा डाग दिसला की समजायचं, तिथलं पोलाद मऊ पडलं. मग कितीही धार लावा, टिकत नाही. म्हणून चाकू दुरुस्त करताना एकच नियम: पातं तापू द्यायचं नाही. जे करायचं ते हाताने, हळू आणि पाणी लावून.

आधी तपासा

चाकू उघडून उजेडात नीट बघा. पात्याला आरपार तडा असेल किंवा पाठीची कमान, म्हणजे पातं उघडं धरून ठेवणारी पट्टी, मोडली असेल तर तो घरचा उद्योग नाही. तडा गेलेलं पातं जोर लावताना मोडून बोटात घुसू शकतं. मोडकी कमान लोहारदादांकडे न्या. गंज, घट्ट झालेला सांधा, हलणारं पातं, गेलेली धार, सैल मूठ एवढं मात्र आपल्याला जमतं.

काय लागेल?

शिलाई मशिनचं तेल, बारीक पॉलिश पेपर, एक भरड आणि एक बारीक बाजू असलेला धारेचा दगड, छोटी हातोडी, ऐरण म्हणून जाड लोखंडाचा तुकडा, जुना टूथब्रश, सुती कापड.

टप्प्याटप्प्याने काम

1. गंज आणि घट्ट सांधा: सांध्यात तेलाचे चार-पाच थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी पातं कापडात धरून हळूहळू उघड-मीट करा. काळा मळ बाहेर येईल, तो ब्रशने काढा. खोबरेल वापरू नका, थंडीत ते गोठतं आणि पुढे चिकट होतं. अख्खा चाकू पाण्यात भिजत घालू नका. शिंगाची किंवा लाकडाची मूठ फुगते, मग तडकते. पात्यावरचा गंज पॉलिश पेपरला तेल लावून, धारेकडून पाठीकडे घासा. हात धारेच्या दिशेने कधीच नेऊ नका.

2. हलणारं पातं: पातं ज्या रिबिटावर फिरतं ते सैल झालेलं असतं. रिबिटाचं एक टोक लोखंडावर टेकवा आणि दुसऱ्या टोकावर हातोडीने हलके ठोके द्या. दोन-तीन ठोके झाले की पातं उघडून बघा. मग बाजू बदला. एक जोराचा ठोका शिंगाची मूठ फोडतो. जरा जास्त घट्ट बसलं तर तेल घालून वीस-पंचवीस वेळा उघड-मीट करा, मोकळं होतं. रिबिट तुटलंच असेल तर तेवढ्याच जाडीचा पितळी तारेचा किंवा सायकलच्या स्पोकचा तुकडा चालतो, पण रिबिट काढताना कमान उडते. पहिल्या वेळी जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

3. मूठ: सुटलेली बाजू आधी स्वच्छ व कोरडी करा. दोन नळ्यांचा गोंद सारख्या प्रमाणात कालवून लावा आणि दोरा घट्ट गुंडाळून एक दिवस ठेवा. गोंद सांध्यात जाऊ देऊ नका, नाहीतर पातं कायमचं बसेल.

4. धार: इथेच बहुतेकींची चूक होते. भाजीच्या चाकूला दोन्ही बाजूंनी धार असते. कलम चाकूला बहुधा एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट असते. उताराची बाजू ओल्या दगडावर टेकवून, आहे तोच कोन ठेवून घासा. आधी भरड बाजू, मग बारीक. सपाट बाजू शेवटी दगडावर अगदी आडवी ठेवून एक-दोनदा फिरवा, तेवढ्याने धारेवरची कुसळं निघतात. ती बाजू उचलून घासली तर सपाटपणा जातो.

सपाटपणाचं एवढं काय? कलम करताना काडीला दोन्हीकडून तिरका काप देऊन पाचर करतो आणि रोपाच्या चिरेत बसवतो. सालीखालचा हिरवट थर दोन्हीकडचा एकमेकांना टेकला तरच जीव धरतो. बोथट किंवा गोलसर पात्याने काप वाकडा येतो, मध्ये पोकळी राहते, काडी वाळते. आपण म्हणतो, "यंदा काड्याच बऱ्या नव्हत्या." काड्यांना नावं ठेवण्याआधी एकदा चाकू बघा.

धार लागली का हे बोट फिरवून बघू नका. वहीचा कागद धरून कापा, न फाटता कापला पाहिजे. शेवटी पातं पुसून तेलाचा पुसट हात द्या.

जपून, बायांनो

काम मुलांपासून लांब, खाली बसून, भरपूर उजेडात करा. गंज काढायला रॉकेल वापरत असाल तर चुलीजवळ बसू नका. कापलंच तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. आपल्या हाताला माती-शेण लागलेलं असतं, धनुर्वाताची भीती तिथूनच. हळद भरून घरी बसू नका, आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनचं विचारा.

माझ्या चाकूचं काय झालं?

टाकून नाही दिला. निळा झालेला भाग रोज थोडा थोडा ओल्या दगडावर घासून काढला. आठवडा गेला, पातं थोडं आखूड झालं, पण खालचं पोलाद चांगलं निघालं. आता एकदा लावलेली धार दिवसभराच्या कामाला पुरते, मधे बारीक दगडावर दोन हात दिले की झालं.

प्रत्येकीने वेगळा दगड घ्यायची गरज नाही. गटाच्या औजारांच्या पेटीत एक चांगला दगड आणि तेलाची एक बाटली ठेवा. मे महिन्याच्या बैठकीला आपापले चाकू घेऊन या, हप्ता भरून झाला की अर्धा तास सगळ्या मिळून धार लावू. कलमाच्या ऐन दिवसांत मग बाजाराकडे धावावं लागणार नाही.