गाडी दारात, नाव दुसऱ्याचं! तुळिंजच्या एका ॲम्बेसेडरची गोष्ट

विरार लोकलमध्ये ज्यांना हेडफोन काढायलाही हात मोकळा मिळत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे शब्दांकन. रेकॉर्डिंगमध्ये घाईत सुटलेले दोन-तीन मुद्दे इथे जोडलेत.

तुळिंजला आमच्या चाळीच्या मागे ताडपत्रीखाली एक पांढरी ॲम्बेसेडर उभी आहे. १९७३ ची, मार्क टू. आजोबांनी ती १९९४ मध्ये घेतली. गल्लीतल्या कितीतरी मुली याच गाडीतून सासरी गेल्या. आजोबा गेल्यावर ती जी उभी राहिली, ती राहिलीच.

मागच्या वर्षी जुन्या गाड्यांचा एक शौकीन बघायला आला. बॉनेट उघडलं, चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं छाप घेतला, खूश झाला. भाव असा बोलला की बाबांनी आईकडे दोनदा बघितलं. मग म्हणाला, "काका, आरसी बुक दाखवा."

बुक उघडलं. त्यात आजोबांचं नावच नव्हतं.

आधी थोडं गाडीबद्दल

ॲम्बेसेडर म्हणजे देशी गाडी, असं आपण धरून चालतो. पण तिचा साचा इंग्लंडचा. तिथली मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री ही सलून गाडी १९५६ मध्ये आली. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सनं तीच कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा इथे बनवायला घेतली आणि ॲम्बेसेडर हे नाव दिलं. इंग्लंडमध्ये ते मॉडेल १९५९ मध्ये बंद झालं. आपल्याकडे २०१४ पर्यंत चाललं!

गंमत म्हणजे, या गाडीचं नावसुद्धा सेकंड हँड विकलं गेलंय. २०१७ मध्ये हिंदुस्थान मोटर्सनं ॲम्बेसेडर हा ब्रँड फ्रान्सच्या प्युजो कंपनीला ८० कोटी रुपयांना विकला. आणि रस्त्यावर एमजीच्या गाड्या दिसतात ना? एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. त्याच मॉरिसचं गॅरेज, आता मालकी चिनी कंपनीकडे.

पण ब्रँड विकताना वकील बसतात, करार होतात, नोंद होते. आपण गाडी विकतो तेव्हा काय होतं?

बुकातली तीन नावं

जुनं आरसी बुक म्हणजे खरंच बुक. छोटी पुस्तिका, हातानं लिहिलेली, प्रत्येक नव्या मालकाच्या नावाला शिक्का.

पहिलं नाव सरकारी खात्याचं. त्या काळात साहेबाची गाडी म्हणजे पांढरी ॲम्बेसेडर. साध्या माणसाला नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. त्यामुळे वापरलेल्या गाडीलाही चांगला भाव असायचा. सरकारी गाडी जुनी झाली की तिचं निर्लेखन व्हायचं, म्हणजे सरकारी यादीतून ती काढायची आणि लिलावात विकायची. आमची गाडी तशीच सुटली, १९८३ मध्ये.

दुसरं नाव ठाण्याच्या गॅरेजवाल्याचं. तिसरं, १९८९ सालचं, वसईच्या एका वाडीवाल्याचं. त्यांची केळीची बाग होती. त्यांच्याकडून गाडी आजोबांकडे आली आणि बुकाची पुढची पानं कोरी राहिली.

कोऱ्या फॉर्मवरची सही

बुकात घडी करून ठेवलेले दोन फॉर्म सापडले. नमुना २९ आणि नमुना ३०. बाजारात यांना टीटी फॉर्म म्हणतात. विकणाऱ्याची सही होती, बाकी सगळं कोरं. पैसे दिले, सही घेतली, चावी घेतली, "आरटीओचं बघू नंतर." ते नंतर कधी आलंच नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५० काय सांगतं? राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. हे केलं नाही तर कागदावर मालक जुनाच राहतो.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं. एकानं आपली मारुती ८०० विकली. ती पुढे आणखी हातांतून गेली, पण नोंद बदललीच नाही. मग अपघात झाला. न्यायालयानं म्हटलं, नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच.

हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की नुकसान झालं तर आमचं. पण आजोबांच्या हातून एखादा अपघात झाला असता, तर नोटीस वसईच्या त्या घरी गेली असती. ज्यांनी गाडी विकून पैसे मोजून घेतले होते, त्यांच्या दारात!

वसईचं घर

बाबा आणि मी पत्ता शोधत गेलो. वाडीवाले वारले होते. त्यांची मुलगी भेटली, साठीच्या आसपासची. मी सगळं सांगितलं. अपघाताचंही सांगितलं, लपवलं नाही.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग बाबांना म्हणाल्या, "दादा, गाडी तुमचीच. पण एवढी वर्षं तुम्ही आम्हाला टांगून ठेवलंत की हो." बाबांची मान खाली गेली. पुढचं वाक्य मी विसरणार नाही: "आता सही मी करते. पण काम पुरं करा. आमच्या बाबांचं नाव मोकळं करा."

मालक वारला असेल तर सरळ ट्रान्सफर होत नाही. आधी वारसाच्या नावावर गाडी करायची, त्यासाठी नमुना ३१. मग वारसाकडून आपल्या नावावर, २९ आणि ३० नं. जुन्या सह्या केलेले फॉर्म आता रद्दी. आमचं पहिलं पाऊल झालंय, दुसरं चालू आहे. तो शौकीन मात्र थांबला नाही.

तुमच्यासाठी, मोबाईल हातात आहे तोवर

एक, जुनी गाडी किंवा बाईक घेताना एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. कितवा मालक, विमा कधीपर्यंत, ते बघा. एमएच यायच्या आधीचे, तीन अक्षरांचे नंबर तिथे बरेचदा सापडत नाहीत. अशा वेळी आरटीओत जाऊन नोंद तपासा.

दोन, विकणारा आणि आरसीवरचं नाव एकच आहे का? नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.

तीन, तुम्ही विकत असाल तर कोऱ्या फॉर्मवर सही नको. नाव बदललेलं डोळ्यांनी बघेपर्यंत विषय संपलेला नाही.

चार, गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, रोज फिरवायची नाही. विकली तर दोघांनी ९० दिवसांत कळवायचं.

आज घरी गेलात की कपाटातलं आरसी काढा आणि नाव वाचा. बाबांची बाईक असो, मामाची रिक्षा असो. नाव चुकीचं निघालं तर आधी त्या माणसाला फोन करा, मग आम्हाला मेसेज. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!